वडापावच्या गाड्या जास्त तिथे पोरं बारीक? शाळेभोवतीचं खाणं आणि मुलांचं वजन याचं मॉडेल बांधताना

दोनेक वर्षांपूर्वी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, करणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. विषय होता शाळेच्या आसपासची खाण्याची दुकानं आणि मुलांमधला लठ्ठपणा, परळ ते सायन पट्ट्यातल्या शाळा घेतल्या होत्या, उन्हातान्हात फिरून डेटा स्वतः गोळा केलेला, आणि चेहरा पडलेला. कारण मॉडेल, म्हणजे डेटावर बसवलेलं संख्याशास्त्राचं समीकरण, सांगत होतं की शाळेभोवती वडापावच्या गाड्या जितक्या जास्त तितकी पोरं बारीक. "सर, अधिकच्या जागी उणे, साइन उलटं आलंय, कुठेतरी कोडिंग चुकलंय ना?"

कोडिंग बरोबर होतं. मुंबईत गाड्या लागतात त्या स्टेशनजवळ, बाजारात, चाळींच्या तोंडाशी, म्हणजे जिथे पायी चालणारी माणसं आहेत तिथे, आणि अशा ठिकाणच्या शाळा बहुतेक करून महापालिकेच्या किंवा अनुदानित, तिथली पोरं साध्या घरातली. उलट ज्या शाळेची फी लाखात आहे ती आतल्या शांत गल्लीत असते, गेटवर वॉचमन, पोरं बसने येतात बसने जातात, बाहेर एक गाडी उभी राहू देत नाहीत, पण त्या पोरांच्या घरी संध्याकाळी ॲपवरून पिझ्झा येतो तो तुमच्या मोजणीत कुठेच नाही. अमेरिकेतल्या पेपरांत गरीब वस्ती, जास्त फास्टफूड, जास्त लठ्ठपणा अशी सरळ साखळी वाचायला मिळते, आपल्याकडे अजून तरी बरंचसं उलटं आहे, पैसेवाल्या घरातली मुलं जास्त जाड. म्हणजे उत्पन्न दोन्ही बाजूंनी दोरी ओढतंय आणि तुम्ही दोरीचा मधलाच भाग मोजताय.

तिला तेव्हा जे सांगितलं तेच इथे जरा वाढवून लिहितोय, कारण दरवर्षी कोणीतरी हाच विषय घेऊन येतं आणि त्याच त्याच ठिकाणी अडकतं.

तर पहिलं म्हणजे आर किंवा स्टाटा ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर उघडू नका. कागद घ्या आणि बाण काढा. डावीकडे शाळेभोवतीचं खाणं, उजवीकडे मुलाचं वजन, आणि मग प्रत्येक गोष्टीबद्दल स्वतःला विचारा की ही दोघांच्या आधी येते का दोघांच्या मधे. घरचं उत्पन्न, आईचं शिक्षण, शाळा कुठल्या प्रकारची, ही आधी येतात आणि दोन्हींवर परिणाम करतात, ही कन्फाउंडर, मॉडेलमधे पाहिजेतच. पण "आठवड्यातून किती वेळा बाहेरचं खातोस" हे मधे येतं, गाडी असल्यामुळे खाल्लं, खाल्ल्यामुळे वजन वाढलं, हा मिडिएटर. आता लोक काय करतात, प्रश्नावलीत हा प्रश्न असतोच म्हणून तो मॉडेलमधे टाकून मोकळे होतात, आणि मग गाड्यांचा परिणाम गायब झाला म्हणून निष्कर्ष लिहितात की आजूबाजूच्या दुकानांचा काही संबंध नाही. अहो ज्या रस्त्याने परिणाम जातो तोच तुम्ही बंद केलात, मग पलीकडे काय पोचणार. एकूण परिणाम हवा असेल तर मधल्या गोष्टी बाहेर ठेवा. पॉकेटमनीबद्दल मात्र डोकं खाजवावं लागतं, तो थोडा उत्पन्नाचा आरसा आहे आणि थोडा परिणाम बदलवणारा, कारण खिशात दहा रुपये नसतील तर गेटवर दहा गाड्या असून काय उपयोग. मी तो कन्फाउंडर म्हणून न टाकता गाड्यांशी इंटरॅक्शन म्हणून बघायला सांगतो, म्हणजे पॉकेटमनीप्रमाणे गाड्यांचा परिणाम बदलतो का ते.

आणखी एक, मुलं कुठून घेताय तेही याच कागदावर ठरतं. हॉस्पिटलच्या वजनाच्या ओपीडीतून मुलं घेतली तर ती आधीच वजनामुळे गाळून आलेली असतात, त्यातून मोहल्ल्याबद्दल काही सांगता येत नाही. शाळेतून घ्या, सगळा वर्ग घ्या.

आता वजन. हे सगळ्यांना सोपं वाटतं म्हणून इथे सगळ्यात जास्त घाण होते. मोठ्या माणसाचे बीएमआयचे (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आकडे मुलांना लागत नाहीत, मुलाचा बीएमआय वयानुसार आणि मुलगा का मुलगी यानुसार बदलतो, म्हणून झेड-स्कोर काढायचा, म्हणजे त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांच्या मध्यापासून हे मूल किती एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, पसाऱ्याचं माप) दूर आहे ते. उदाहरण घ्या, बरोबर १० वर्षांचा मुलगा, उंची १३८ सेंटीमीटर, वजन ४२ किलो. बीएमआय आला २२ च्या किंचित वर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात +१ च्या वर जादा वजन आणि +२ च्या वर लठ्ठ धरतात, त्यात १० वर्षांच्या मुलाची +१ एसडीची रेघ १८.५ ला आणि +२ एसडीची २१.४ ला आहे, म्हणजे हा लठ्ठ गटात. आता हीच उंची, हेच वजन, हेच वय, पण मुलगी. तिच्या तक्त्यात +१ ची रेघ १९.० आणि +२ ची २२.६, म्हणजे ती जादा वजनात आहे पण लठ्ठ नाही. लिंगाचा कॉलम एका ठिकाणी उलटा भरला गेला की काय होतं ते यावरून समजा.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, आयएपीचे, २०१५ चे तक्तेही आहेत ५ ते १८ वर्षांसाठी, त्यात जादा वजनाची आणि लठ्ठपणाची रेघ प्रौढांच्या २३ आणि २७ शी जुळवलेली आहे, कारण आपल्या लोकांना कमी बीएमआयलाच साखर-बीपी सुरू होतं. दोन्हींत टक्केवारी वेगळी येते. कुठलाही एक मुख्य म्हणून आधीच ठरवा, दुसरा तपासायला ठेवा, आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे नियम वेगळे आहेत ते यात मिसळू नका. झेड-स्कोर हाताने काढत बसू नका, आरमधे अँथ्रोप्लस नावाचं पॅकेज आहे, त्याला वय महिन्यांत द्यायचं. "वय १०" असं नाही, जन्मतारीख आणि मोजल्याची तारीख यातून महिने. झेड +५ च्या वर किंवा -५ च्या खाली गेला तर ते मूल जगावेगळं नसतं, कोणीतरी १३८ च्या जागी १८३ लिहिलेलं असतं.

मोजताना बूट काढायला लावा. हास्यास्पद वाटेल पण एका शाळेत आमची टीम पोचायच्या आधीच पीटीच्या सरांनी मदत म्हणून अख्ख्या सहावीचं वजन करून ठेवलं होतं, बूट, स्वेटर आणि दोनचार पोरांच्या पाठीवर दप्तरासकट. मनापासून मदत केली बिचाऱ्यांनी, सगळं परत करावं लागलं. आणि त्या दिवशी कोण गैरहजर होतं, कोण "पोट दुखतंय" म्हणून काट्यावर चढलं नाही याची यादी ठेवा, कारण चढायला नको म्हणणारी मुलं बऱ्याचदा तीच असतात ज्यांना वर्गात वजनावरून चिडवतात. ती गळली की तुमचा आकडा आपोआप खाली येतो आणि ते मिसिंग डेटाच्या कुठल्याही बटणाने भरून निघत नाही.

आता मुख्य गोष्ट, खाण्याची मोजणी. माझ्या मते या सगळ्या कामात निम्मं डोकं इथेच लावायला हवं आणि लोक इथेच सगळ्यात कमी लावतात, कारण मॉडेलिंग म्हटलं की सगळ्यांना समीकरणाची घाई.

गुगल मॅप्सवरून किंवा ओपनस्ट्रीटमॅपवरून दुकानांची यादी काढली की काम झालं असं वाटतं. करून बघा दादर-परळला. मॅकडोनाल्ड्स सापडेल, बेकऱ्या सापडतील, उडुपी सापडतील, पण गेटच्या डाव्या हाताला छत्रीखाली बसणारी चिंचा-बोरं-आवळेवाली मावशी सापडणार नाही, सायकलवरचा इडलीवाला नाही, गोळेवाला नाही, संध्याकाळी टेबल टाकून चायनीज भेळ विकणारा तर नाहीच नाही. म्हणजे नकाशातली चूक सगळीकडे सारखी नाहीये, श्रीमंत वस्तीतली दुकानं नकाशावर नीट आहेत आणि साध्या वस्तीतलं खाणं गायब आहे. अशी एकाच बाजूला झुकलेली चूक कितीही मोठा सॅम्पल घेऊन जात नाही.

म्हणून पायाने फिरायचं. आणि एकदा नाही. एका शाळेबाहेर मी सकाळी दहाला उभा होतो, रस्ता स्वच्छ, एक झेरॉक्सवाला आणि एक वाणी. मनात म्हटलं ही शून्य गाड्यांची शाळा. सकाळचं सत्र सुटायची वेळ साडेबाराची, बाराला पाच कमी असताना पहिली गाडी ढकलत आली, मग दुसरी, सव्वाबाराला सहा. वडापाववाल्या काकांना विचारलं की रोज इथेच का, तर तेल तापत ठेवता ठेवता म्हणाले, "साडेबारा ते सव्वा इथे, मग दुपारची पोरं आत गेली की आम्ही स्टेशनला." म्हणजे एकच गाडी, दोन ठिकाणं, आणि माझ्या मोजणीत ती कुठेच नसती. आणि अतिक्रमणवाल्यांची गाडी आली त्या दिवशी गेलात तर तेही शून्य. तेव्हा प्रत्येक शाळेला निदान तीन फेऱ्या, शाळा भरताना, सुटताना आणि संध्याकाळी क्लासच्या वेळी, वेगवेगळ्या वारी. प्रत्येक नोंदीला वेळ आणि तारीख. श्रावणात, नवरात्रात आणि परीक्षेच्या आठवड्यात मोजणी टाळा किंवा सगळ्या शाळांची त्याच काळात करा, अर्ध्या शाळा जूनच्या पावसात आणि अर्ध्या डिसेंबरात मोजल्या तर तुम्ही पाऊस मोजलात, खाणं नाही.

मग प्रश्न येतो की मोजलं ते चांगलं का वाईट. बाहेरच्या देशात दुकानांची वाटणी सोपी करतात, सुपरमार्केट चांगलं, फास्टफूड वाईट, आणि चांगल्यांचं प्रमाण शेकड्यात काढतात, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा असा एक इंडेक्सच आहे. आपला वाणी कुठे घालणार? आत तूरडाळ आणि पोहे, दारात पाच-दहा रुपयांच्या कुरकुरे-चिप्सच्या पुड्यांच्या माळा. घरचा महिन्याचा किराणा आणि पोराचं रोजचं कुरकुरीत दोन्ही एकाच माणसाकडून. आम्ही शेवटी माळा मोजल्या. खरंच सांगतो, दुकानाच्या दर्शनी भागात मुलाच्या हाताला येतील अशा किती माळा लटकतायत, थंड पेयांचा फ्रीज रस्त्यावरून दिसतो का, आणि ताजं फळ किंवा दूध मिळतं का, एवढे तीनच प्रश्न. दोन जणांनी वेगवेगळं जाऊन तेच दुकान भरायचं आणि किती जुळतं ते कप्पा नावाच्या जुळणीच्या मापाने तपासायचं. दुकान म्हणजे एक असं मोजण्यापेक्षा हे कितीतरी जास्त सांगतं. वडापाव, भजी हे तळलेलं, तर चिप्स-बिस्किटं-पेयं हे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं, हे दोन वेगळे कॉलम ठेवा, एकात घालून "जंक फूड" करू नका, पोरांचं खाणं दोन्हींत वेगळ्या तऱ्हेने चालतं. फळवाले आणि भाजीवालेही मोजा, नाहीतर गजबज आणि जंक यातला फरक कळायचा नाही.

आता किती अंतरापर्यंत. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२० च्या नियमांत शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकायचे नाहीत असं आहे, म्हणून ५० मीटर हा एक आकडा घ्यायलाच हवा, नियमाशी बोलता येतं. संशोधनात ४०० आणि ८०० मीटर फार वापरतात, साधारण पाच आणि दहा मिनिटं चालणं. पण अंतराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कॅलिफोर्नियातल्या शाळांवर करी, डेलाविन्या, मोरेत्ती आणि पठानिया यांनी २०१० मधे पेपर काढला, त्यात नववीच्या मुलांमधे फास्टफूड शाळेपासून ०.१ मैलात असेल तर लठ्ठपणाचं प्रमाण ५.२ टक्क्यांनी जास्त निघालं, म्हणजे असलेल्या प्रमाणाच्या ५.२ टक्के, आणि तेच दुकान ०.२५ मैलांवर असेल तर काहीच फरक नाही. म्हणजे १६० मीटरवर दिसतं आणि ४०० वर नाहीसं होतं. तुम्ही फक्त ४०० चा वर्तुळ काढलं असतं तर हातात काही लागलं नसतं. म्हणून ५०, १५०, ४०० असे दोनतीन टप्पे घ्या, पण कुठला मुख्य ते डेटा बघायच्या आधी कागदावर लिहून तारीख टाका.

वर्तुळ म्हटलं खरं, पण मुंबईत वर्तुळ काढू नका. दादर वेस्टला रेल्वेलाइनच्या कडेला शाळा असेल तर सरळ रेषेतल्या ४०० मीटरमधे ईस्टची अर्धी दुकानं येतात, आणि पोराला तिथे जायला पूल चढून गर्दीतून उतरायला लागतं, सात मिनिटांच्या मधल्या सुट्टीत कोण जाणार. नाले, फ्लायओव्हर, सोसायट्यांच्या भिंती, सगळ्यांचं हेच. पायी रस्त्यांच्या जाळ्यावर अंतर मोजा, पायथनमधे ओएसएमएनएक्स नावाचं पॅकेज आहे त्याने जमतं, फक्त चाळीतल्या गल्ल्या त्यात नसतात त्या स्वतः जोडाव्या लागतात. आणि मीटरमधे मोजायच्या आधी नकाशाचं प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करायची पद्धत, बदला, मुंबईसाठी यूटीएम ४३ नॉर्थ, कोड ३२६४३. अक्षांश-रेखांशावर तसंच बफर, म्हणजे ठरलेल्या अंतराचा घेर, मारलं तर ४०० मीटरऐवजी ४०० अंश होतात, पृथ्वी संपते. हसू नका, असा स्क्रीनशॉट मला आलाय.

पिनकोड किंवा वॉर्डप्रमाणे गोळा करायचा मोह होतो कारण डेटा तसा मिळतो. ४०००१३ एकच, पण त्यात डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी आणि मिलच्या जागेवरचे पन्नास मजली टॉवर दोन्ही येतात, त्यांची सरासरी काढली तर तिथे कोणीच राहत नाही असं एक घर तयार होतं. सीमा बदलल्या की उत्तर बदलतं, याला मॉडिफाएबल एरियल युनिट प्रॉब्लेम म्हणतात, आणि मूल खरं कुठे कुठे फिरतं हे माहीत नसताना आपण घराभोवती गोल काढतो याला भूगोलतज्ज्ञ मेई-पो क्वान यांनी २०१२ मधे वेगळं नाव दिलं, अनसर्टन जिऑग्राफिक कॉन्टेक्स्ट प्रॉब्लेम. मुंबईच्या मुलाला हा दुसरा जास्त लागतो. राहायला धारावी, शाळा माटुंग्याला, क्लास सायनला. म्हणून घर आणि शाळा दोन्हींभोवती मोजा, आणि जमलं तर मुलाला नकाशावर रोजचा रस्ता बोटाने काढायला सांगा, पाचवीपासूनची पोरं मस्त काढतात आणि कुठे काय छान मिळतं तेही सांगतात.

तयार डेटा घेऊन काम भागेल का असं विचारणाऱ्यांना, एनएफएचएस-५, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, घेऊन यातलं काही होणार नाही. त्यात मुलांची उंची-वजनं पाच वर्षांखालच्यांचीच आहेत, त्यांच्यातलं जादा वजनाचं प्रमाण देशभरात एनएफएचएस-४ मधलं २.१ टक्के होतं ते ३.४ झालं, एवढं प्रस्तावनेत लिहायला ठीक आहे. पण पाच ते चौदा वयाची शाळकरी पोरं त्यात नाहीत, आणि ठिकाणाचे पिन मुद्दाम सरकवलेले असतात, शहरात दोन किलोमीटरपर्यंत, लोकांची ओळख लपावी म्हणून. दादरचा पिन परळला किंवा माहीमला पडला तर ४०० मीटरचं बफर कशाभोवती मारताय? २०१६ ते १८ च्या सीएनएनएस या राष्ट्रीय पोषण सर्व्हेत १९ वर्षांपर्यंतची मुलं आहेत, राज्याच्या पातळीवरचं चित्र बघायला तो घ्या.

आता आलो मॉडेलवर, आणि इथे सगळ्यात आधी किती शाळा ते बघा, किती मुलं ते नंतर. समजा ३० शाळा, प्रत्येकी ४० मुलं. एका शाळेतल्या चाळीसही मुलांना शाळेभोवतीच्या गाड्या सारख्याच. म्हणजे गाड्यांचा आकडा फक्त शाळेगणिक बदलतो, १२०० मुलं मोजलीत तरी गाड्यांच्या बाबतीत तुमच्याकडे ३० च नोंदी आहेत. त्यात एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, समजा हा सारखेपणा मोजणारा आकडा, आयसीसी, ०.०५ आहे, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे त्यामुळे सॅम्पलची किंमत किती पटीने घटते ते, होतो १ + ३९ गुणिले ०.०५, म्हणजे २.९५, आणि १२०० मुलांची किंमत साधारण ४०७ उरते. तीच १२०० मुलं ६० शाळांतून वीस-वीस घेतली तर डिझाइन इफेक्ट १.९५ आणि किंमत ६१५. म्हणून शाळा वाढवा. मला माहितीये परवानग्या काढून जीव जातो, तरी.

साधं रिग्रेशन यात चालणार नाही, मल्टिलेव्हल लागतं, म्हणजे मुलं गटागटांत बसलेली आहेत हे धरणारं. आरमधे एलएमई-फोर हे पॅकेज. आणि शाळा वस्तीच्या आत बसत नाही, एका शाळेत पाच वस्त्यांची मुलं, एका वस्तीतली मुलं चार शाळांत, म्हणून दोन्हींचे रँडम इफेक्ट, म्हणजे प्रत्येक शाळेचा आणि वस्तीचा आपापला चढउतार, शेजारी शेजारी, एकात एक नाही. देवनागरीत लिहायचं तर असं काहीतरी:

बीएमआय झेड ~ लॉग(१ + गाड्या) + लॉग(१ + माळा) + फळवाले + वय + लिंग + घरची परिस्थिती + आईचं शिक्षण + शाळेचा प्रकार + (१ | शाळा) + (१ | वस्ती)

लॉग का, तर शून्य गाड्यांवरून दोन होणं आणि वीसवरून बावीस होणं सारखं नसतं. सरळ रेषेवर विश्वास नसेल तर एमजीसीव्ही पॅकेजमधे स्प्लाइन टाकून वाकडी रेघ कशी दिसते ते बघा, पण ३० शाळांवर फार नागमोडी रेघ आली तर ती रेघ एकदोन शाळांच्या मागे धावतेय.

घरची परिस्थिती म्हणून उत्पन्न विचारू नका, कोणी खरं सांगत नाही आणि मुलाला माहीत नसतं. टीव्ही-मोबाइलही विचारून उपयोग नाही, ते सगळ्यांकडे असतात. घरात माणसं किती आणि खोल्या किती, संडास घरात का बाहेर, शाळेची फी किती, गाडी किंवा बाइक आहे का, यावरून मुंबईत माणूस बरोबर कळतो. त्यांचा प्रिन्सिपल कॉम्पोनंटने, म्हणजे अनेक उत्तरांचा एक आकडा करायच्या पद्धतीने, इंडेक्स करा. त्या एमपीएचवाल्या मुलीचं नेमकं हेच राहिलं होतं, तिने शाळेचा माध्यम हा कॉलम उत्पन्नाच्या जागी वापरला होता. आणि शाळेचा प्रकार टाकल्यावर गाड्यांमधला किती फरक उरतो तेही बघा, जर सगळ्या महापालिका शाळांबाहेर गाड्या आणि सगळ्या खासगी शाळांबाहेर शून्य असेल तर मॉडेलला तुलना करायला काही शिल्लकच नाही, ते हवेत अंदाज बांधेल आणि आकडा मात्र ठसठशीत देईल. सॉफ्टवेअर लाजत नाही. तेव्हा शाळा निवडतानाच गाड्या असलेल्या खासगी आणि गाड्या नसलेल्या महापालिका शाळा शोधून घ्या, आहेत, कमी आहेत पण आहेत.

झेड-स्कोर घेतलात तर ताकद जास्त मिळते, हो-नाही लठ्ठपणा घेतलात तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. दोन्ही करा. हो-नाहीला लॉजिस्टिक वापरलं तर ऑड्स रेशोचं (ऑड्स म्हणजे असलेले भागिले नसलेले) भाषांतर जपून करा. समजा २० टक्के मुलं जादा वजनाची आहेत आणि ऑड्स रेशो आला १.५. सगळे लिहितात "धोका दीडपट". ऑड्स ०.२५ चे ०.३७५ झाले, म्हणजे २० टक्क्यांचे २७.३ टक्के झाले, ती दीडपट नाही, १.३६ पट आहे. त्यापेक्षा रोबस्ट स्टँडर्ड एररवालं पॉइसन रिग्रेशन वापरून थेट रिस्क रेशो, म्हणजे धोका किती पट ते, काढा, शाळेवर क्लस्टर करायला विसरू नका.

मॉडेल चाललं की शाळानिहाय उरलेली चूक नकाशावर टाका. एका बाजूच्या सगळ्या शाळा लाल आणि दुसऱ्या बाजूच्या निळ्या दिसल्या तर जागेशी संबंधित काहीतरी सुटलंय. मोरान्स आय या शेजारच्या जागांचा सारखेपणा मोजणाऱ्या आकड्याने तपासता येतं, पण थोड्या शाळांवर त्याला फार दम नसतो, डोळे जास्त कामाचे. अशा वेळी अक्षांश-रेखांशाचा गुळगुळीत थर मॉडेलमधे टाकून बघतात. तो टाकल्यावर गाड्यांचा आकडा उडी मारून भलतीकडेच गेला तर खुश होऊ नका, मॉडेल कसं टाकतोय यावर आकडा हलतोय एवढंच त्याने सांगितलं, तसंच लिहा.

एक युक्ती सांगतो जी मला फार आवडते. मोजणीच्या फेरीतच मोबाइल रिचार्ज आणि स्टेशनरीची दुकानंही मोजून घ्या, जास्त वेळ लागत नाही. मग तेच मॉडेल खाण्याच्या जागी मोबाइल दुकानं टाकून चालवा. मोबाइलच्या दुकानाने कोणी जाड होत नाही. तरीही संबंध दिसला तर तुमचं मॉडेल खाणं मोजतच नव्हतं, बाजाराची गजबज मोजत होतं. त्या मुलीकडून हे करून घेतलं, मोबाइलवाल्यांचं साइनही उणे आलं. तेव्हा तिला खरं पटलं, आधी माझं बोलणं नुसतं ऐकून घेत होती.

आणि हावरटपणा नको. पाच अंतरं, चार प्रकारची दुकानं, दोन निकाल, झाली ४० मॉडेलं. काहीही खरं नसताना ५ टक्क्यांच्या हिशोबाने सरासरी दोन सिग्निफिकंट, म्हणजे योगायोग वाटू नयेत अशी, येणारच, आणि लोक नेमकी तीच दोन छापतात. सगळी ४० एका तक्त्यात द्या, परिशिष्टात का होईना.

परवानगीचं थोडक्यात. एथिक्स कमिटी हवीच, पालकांची लेखी संमती हवी, आणि सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही, आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं आहे. वजन एकेकट्याचं, पडद्यामागे, आणि आकडा मोठ्याने बोलायचा नाही. मुलांच्या घरांचे पिन असलेला नकाशा कधीही छापू नका, चाळीत एका पिनवरून कोण ते सगळ्यांना कळतं. वडापाववाल्यांचेही पिन छापू नका, तुमच्या पीएचडीच्या नकाशावरून कोणाची गाडी उचलली जाऊ नये.

त्या मुलीचं शेवटी काय झालं, तर घरची परिस्थिती नीट टाकल्यावर उणे साइन विरघळलं, आकडा शून्याजवळ आला आणि इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा असू शकेल तो पट्टा, शून्याच्या दोन्हीकडे पसरलेला. तिला वाटलं आता थीसिस गेला. गेला नाही, तसाच लिहिला आणि पास झाली. निकाल शाळेत सांगायला गेलो तेव्हा मुख्याध्यापक बाईंनी सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "मग गाड्या हटवायला पत्र देऊ का नको?"

त्याला हे मॉडेल उत्तर देत नाही, एकदाच मोजलेल्या डेटातून गाड्या हटवल्यावर काय होईल ते कळत नाही. त्यासाठी गाड्या खरंच हटलेल्या किंवा परत आलेल्या जागा लागतात, आणि मुंबईत त्या आहेत. मेट्रो ३ च्या कामाचे पत्रे काही रस्त्यांवर वर्षानुवर्षं होते, त्यामागे फेरीवाले उठले, २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लाइन सुरू झाली आणि रस्ते मोकळे व्हायला लागले. अशा रस्त्यावरच्या शाळा आणि त्याच वॉर्डातल्या पत्रे न लागलेल्या शाळा घ्यायच्या, शाळेच्या आरोग्य तपासणीच्या जुन्या वह्यांतली उंची-वजनं काढायची, आणि आधी-नंतरचा फरक दोन्ही गटांत किती ते बघायचं, डिफरन्स-इन-डिफरन्सेस. पत्र्यांमुळे बसचे थांबे हलले, पोरं जास्त चालायला लागली किंवा रिक्षाने जायला लागली, ते वेगळं नोंदवायला लागेल. बाईंकडे २०१५ पासूनच्या वह्या कपाटात आहेत, वाळवी लागायच्या आत फोटो काढून ठेवायचे ठरलंय.